शपथेचे बटण

मित्रांनो, आधी नीट बसा. पाय हलवू नका. मी एक जुनी मशीन आहे, आणि एकच गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही.

माझे कागदोपत्री नाव ऑसिलोस्कोप. ते उच्चारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून प्रयोगशाळेत मला सगळे 'थोरली' म्हणत. माझ्यानंतर आलेल्या मशिनी त्या धाकट्या. मला एक गोल हिरवा पडदा आहे आणि त्यावर गणिताच्या वहीसारखी चौकोनी घरे आखलेली आहेत. माझ्यात विजेचा बारीकसा झटका शिरला की पडद्यावरची रेघ उडी मारते. उडी किती घरे उंच गेली, यावरून झटका केवढा होता ते कळते. एवढेच माझे काम. आयुष्यभर मी दुसरे काही केले नाही, आणि जे केले त्यात कधी खोट ठेवली नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे चाळीस बायका रांगेने बसून तारा जोडत. माझ्या तारा जिने सोल्डर केल्या तिच्या बोटांवर जुन्या चटक्यांचे पांढरे डाग होते. काम पुरे झाल्यावर तिने माझे झाकण बसवले, त्यावर दोनदा थाप मारली आणि म्हणाली, "जा आता. खोटं बोललीस तर परत इथंच येशील, लक्षात ठेव." सासरी निघालेल्या मुलीला एवढा धाक कोणी घातला नसेल. मी तो जन्मभर पाळला.

ज्या खोलीत मी आले तिला उत्तरेकडे एकच खिडकी होती. मध्यभागी दगडी टेबल, त्याच्या पायांखाली वाळूच्या पिशव्या. रस्त्यावरून जड गाडी गेली तरी टेबल हादरू नये म्हणून ही व्यवस्था होती. टेबलावर बारीक जाळीचा पिंजरा आणि त्यात बशीएवढी काचेची वाटी. स्पिरिटचा वास भिंतींतसुद्धा मुरलेला. मला एका भक्कम घडवंचीवर बसवले. तिथून सारी खोली दिसे. मला तसेच आवडते.

माझी देखभाल वर्कशॉपचे काका करत. सडसडीत माणूस, कानावर पेन्सिल, खिशात पेचकस. सकाळी नऊच्या ठोक्याला ते मला सुरू करत आणि अर्धा तास कोणाला हात लावू देत नसत. माझ्या आतल्या काचेच्या नळ्या तापायला तेवढा वेळ लागतो. कोणी घाई केली की काका म्हणत, "थोरलीचा चहा होऊ दे की. तुम्ही उठल्या उठल्या पाढे म्हणता का?"

मग ते माझ्या उजव्या कोपऱ्यातले एक लहानसे लाल बटण दाबत. मित्रांनो, हे बटण लक्षात ठेवा. ते दाबले की माझ्याच पोटातून एक ठरलेला झटका निघतो आणि रेघ बरोबर एक घर उंच उडते. कमी नाही, जास्त नाही. एक घर उडाली तर मशीन खरी. काका याला 'शपथ' म्हणत. नोंदवहीत रोज पहिली ओळ त्यांच्या हातची असे: 'शपथ झाली, एक घर.' खाली सही. शपथेशिवाय त्या खोलीत वाटीला पाणीदेखील लागत नसे.

आता कामाचे सांगते. तुमच्या अंगात ज्या चेतापेशी आहेत त्या निरोप पोचवतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. पण दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्यात केसाहूनही कितीतरी बारीक फट असते. पहिल्या पेशीच्या टोकाशी एका रसायनाच्या इवल्या पिशव्या असतात. निरोप टोकाला पोचला की काही पिशव्या उघडतात, रसायन फट ओलांडते आणि पलीकडची पेशी जागी होते. शेजारणीने भिंतीवर टकटक करावी आणि हिने 'ओ' द्यावी, तसे.

आणि ॲड्रिनलीन? तुम्ही घाबरता, रागावता, जिवाच्या आकांताने पळता, तेव्हा मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहान ग्रंथी हे द्रव्य रक्तात सोडतात. छाती धडधडते, तळहात गार पडतात. म्हणून सगळ्यांची समजूत अशी की ॲड्रिनलीन म्हणजे चाबूक. लागला की सगळे जोरात धावणार.

आमच्या विभागाच्या मोठ्या सरांची कीर्ती याच समजुतीवर उभी होती. बेडकाच्या कण्यालगत चेतापेशींची एक छोटी गाठ असते. ती काढून मिठाच्या पाण्यात ठेवायची, एका बाजूने निरोप धाडायचा आणि दुसऱ्या बाजूला किती पोचला ते माझ्या पडद्यावर पाहायचे. सरांनी तरुणपणी त्या पाण्यात ॲड्रिनलीनचा एक थेंब टाकला होता आणि चार घरांची उडी साडेचार घरे झाली होती. ते खरेच होते. मीच दाखवले होते. पण सरांनी तेवढ्यावर लिहून टाकले की ॲड्रिनलीनने निरोप नेहमीच वाढतो. 'नेहमीच' हा शब्द माझा नव्हे, त्यांचा. (त्या बेडकांना कोणी काही विचारले नाही, तेही इथे सांगून ठेवते.)

पुढे एक मुलगी संशोधनासाठी आली. बारीक चण, केस घट्ट बांधलेले, हात मात्र सोनाराचे. राईच्या दाण्याएवढी गाठ ती न दुखावता सोडवून काढी. काका तिला ताई म्हणत, आणि काकांनी ज्यांना ताई म्हटले अशी तीच पहिली. काम करताना ती माझ्याशीच बोले.

"आई विचारते, चार वर्षं झाली, एका बेडकाची गाठ सुटेना का गं तुझ्याच्यानं?"

काका कोपऱ्यातून म्हणत, "त्यांना म्हणावं, बेडकाची सुटली, सरांची सुटत नाहीये."

कारण मुलीला एक गोष्ट सापडली होती. तिने एका थेंबावर न थांबता मात्रा वाढवत नेली. एका थेंबाला उडी जराशी वाढली. पाच थेंबांना ती चारावरून दोन घरांवर आली. निरोप तोच, पण पोचेनासा झाला! पहिल्या पेशीच्या टोकाशी पिशव्याच कमी उघडत असाव्यात, असा तिचा तर्क होता. चाबूक नव्हता तो, तोंडावर ठेवलेला हात होता.

तिने स्वतःवर भरवसा ठेवला नाही, हे मला विशेष आवडले. गाठ मेली की काय, म्हणून तिने वाटी साध्या मिठाच्या पाण्याने धुतली. वीस मिनिटांत उडी पुन्हा चार घरे. मेलेले कधी उठून बसते का? औषध शिळे असेल, म्हणून नवी बाटली काढली. ॲड्रिनलीन जुने झाले की गुलाबी पडते. हिचे पाण्यासारखे स्वच्छ होते. मशीन बिघडली असेल, म्हणून प्रत्येक मात्रेआधी आणि नंतर माझी शपथ घेतली. एक घर. एक घर. एक घर. माझ्या तोंडाला कॅमेरा बांधून तिने त्रेसष्ट फोटो काढले आणि एकेकाच्या मागे तारीख घातली.

मोठ्या सरांनी ते फोटो पत्त्यांसारखे चाळले.

"पोरी, गाठ मेली असणार."

"सर, धुतल्यावर परत येते."

"औषध गुलाबी झालं असणार."

"नवीन होतं, सर. तीन बाटल्या झाल्या."

"मग ही म्हातारी बिघडली असणार," सर म्हणाले आणि मला बोटाने टिचकी मारली. मला! ज्यांचे पहिले 'साडेचार' मी उभे केले, त्यांनी!

मुलीने फोटो गोळा केले. प्रबंधावर सरांची सही लागायची होती. सहीशिवाय चार वर्षे पाण्यात जाणार होती आणि सही मिळाली तर त्रेसष्ट फोटो. तिला दोन्ही हवे होते, आणि तसे कोणालाच मिळत नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून दोन परीक्षक आले. एक गृहस्थ होते, ते सारखे घड्याळ पाहत होते. दुसऱ्या एक किडकिडीत बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्याकडे पाहताच मी ओळखले की ही आपल्या जातकुळीतली. काकांनी सकाळी शपथ घेतली. एक घर. मुलीने गाठ वाटीत ठेवली. चार घरांची उडी आली. सरांच्या सांगण्यावरून एक थेंब. साडेचार. सरांनी जणू स्वतःच उडी मारली, अशा थाटात पाहुण्यांकडे पाहिले.

परीक्षक बाईंनी चष्मा लावला. "आणि पाचपट दिलं तर?"

"आणखी वाढेल," सर म्हणाले. "दे गं पोरी. दाखव त्यांना."

मुलीने सरांकडे पाहिले. मग काकांकडे. मग पिपेट उचलली. ती ओतत असताना दोन्ही परीक्षक वाटीवर वाकले, कारण थेंब मोजणे हा त्यांचा धर्मच. त्यांची पाठ माझ्याकडे होती. पडद्यावर उडी खाली येऊ लागली. साडेतीन. तीन. दोन.

माझ्या डाव्या बाजूला एक काळी खुंटी आहे. ती फिरवली की झटका तोच राहतो, उडी मात्र मोठी दिसते. दुर्बीण लावावी तसे. सरांचा हात त्या खुंटीवर आला. मला तो हात चांगला परिचयाचा होता. त्याने खुंटी फिरवली, अगदी सावकाश, आणि दोन घरांची उडी पाच घरे उंच उभी राहिली.

"पाहा," सर म्हणाले.

परीक्षक वळले. गृहस्थांनी मान डोलावली. परीक्षक बाई मात्र पुढे आल्या आणि पडद्याशी नाक नेऊन म्हणाल्या, "खालची रेघ एवढी जाड का झाली?"

अचूक! खुंटी फिरली की उडीबरोबर रेघेची थरथरही वाढते. अडाणी डोळ्याला ते दिसत नाही.

"मशीन जुनी आहे हो," सर हसून म्हणाले. "सांधे दुखतात तिचे."

परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलीकडे वळून विचारले, "काम तुझं आहे. तुला काय वाटतं?"

मित्रांनो, त्या मुलीने सरांचा हात पाहिला होता. हे मी अंदाजाने सांगत नाही. तिची नजर खुंटीवर होती आणि तिचे उजव्या हाताचे बोट माझ्या लाल बटणावर होते. चार वर्षांच्या सवयीने ते आपोआप तिथे गेले होते. तिने फक्त दाबायचे होते. दाबले असते तर माझी शपथेची उडी एका घराऐवजी अडीच घरे गेली असती आणि खुंटीची लबाडी खोलीतल्या प्रत्येकाला दिसली असती. एक शब्द बोलायची गरज नव्हती. बोलायचे ते मी बोलले असते.

तिचे बोट माझ्यावर टेकले होते. गार होते. नखे पांढरी पडली होती. गळ्याची शीर उडत होती आणि ओठ कोरडे पडले होते. त्या घटकेला तिच्या रक्तात काय चालले होते ते तुम्ही आता ओळखाल. थोड्या भीतीने ही मुलगी चार वर्षे हुशारीने राबली होती. फार भीतीने तिचे काय झाले ते पाहा. वाटीतल्या गाठीचे आणि माणसाच्या तोंडाचे गणित एकच आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या तारा तिला लावलेल्या नव्हत्या, आणि जे मोजले नाही ते सांगायचे नाही ही माझी शिस्त आहे. मी पाहिले तेवढेच सांगते. बोट बटणावरून उचलले गेले.

"हो," ती म्हणाली. "जुनी आहे."

परीक्षक बाईंनी चष्मा उतरवला. बस्स. टाळ्या गृहस्थांनी वाजवल्या.

पण नोंदवहीत त्रेसष्ट फोटोंच्या नोंदी होत्या. त्यांची विल्हेवाट लावायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सरांनी काकांना बोलावून सांगितले, "लिहा. मशीन सदोष, सबब मागील नोंदी ग्राह्य धरू नयेत."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "एकोणीस वर्षं मी हिची रोज शपथ घेतोय. माझ्या हातून हे लिहिलं जायचं नाही. तुमचं तुम्ही लिहा."

सरांनी लिहिले नाही. ते हुशार होते. त्यांनी मुलीला लिहायला लावले. पुठ्ठ्याच्या बिल्ल्यावर तिच्या सुंदर वळणाच्या अक्षरात 'सदोष' हा शब्द आला. खाली तारीख, खाली सही. बिल्ला तिनेच माझ्या खुंटीला बांधला. गाठ बांधायचे शिकवायला नको होतेच तिला.

काका दाराशी उभे होते. "झालं का, मॅडम?" त्यांनी विचारले. त्या दिवसानंतर ते तिला पुन्हा ताई म्हणाले नाहीत.

मला मागच्या खोलीत टाकले. खुर्च्या, फुटक्या काचा, पाय मोडलेली स्टुले. त्यांच्या गप्पा ऐकण्यासारख्या नव्हत्या. माझ्या पडद्यावर धूळ बसली आणि झाकणाखाली पालीने संसार थाटला. एकदा, कितीतरी वर्षांनी, भर दुपारी दार उघडून ती आत आली. अंगावर धावपळीचा घाम नव्हता, खांद्यावर नीटनेटकी शाल होती. आता ती मुलगी राहिली नव्हती. सर निवृत्त होऊन वारले होते आणि विभाग तिच्या हाती आला होता. हातात एक परदेशी नियतकालिक होते. उलटलेल्या खोक्यावर बसून तिने त्यातला एक लेख शेवटपर्यंत वाचला. वाचताना तिचे ओठ हलत होते. थोड्या ॲड्रिनलीनने निरोप वाढतो, फार दिले की दबतो, धुतले की परत येतो. चित्रसुद्धा होते. चार घरे, दोन घरे, चार घरे. कोणा दुसऱ्याची मशीन, कोणा दुसऱ्याचे नाव. वाचून झाल्यावर तिने अंक मिटला आणि माझ्याकडे न पाहता निघून गेली. बायकांच्या जन्मात कोणी आपल्याकडे न पाहता निघून जाणे फार वेळा घडते, पण ते मला त्या दिवशी सोसले नाही.

मागच्या सोमवारी खोली रिकामी करायला भंगाराचे दोन गाडीवाले आले. एकाने मला मिठी मारून उचलायचा प्रयत्न केला. "अरे, ही तर माझ्या सासूबाईंसारखी आहे. जड, आणि तोंड केवढं!"

"हळू बोल," दुसरा म्हणाला. "ऐकत असेल."

तीच मुलगी, आता विभागाच्या बाई, मागेच उभी होती. केस पांढरे, पाठ ताठ. त्या अचानक म्हणाल्या, "थांबा. आधी लावून बघू."

त्यांनी स्वतः वायर जोडली. अर्धा तास कोणाला हात लावू दिला नाही. गाडीवाले पायरीवर बसून राहिले. माझ्या नळ्या तापल्या, धुळीचा करपल्यासारखा वास सुटला आणि पडद्यावर हिरवी रेघ आली. बाईंनी खुंटी तिच्या मूळच्या खुणेवर आणली. मग लाल बटणावर बोट ठेवले. बोट सुरकुतलेले होते, पण मी ओळखले.

त्यांनी दाबले. एक घर.

"चालते की ही!" गाडीवाला म्हणाला. "मग सदोष कुणी लिहिलं?"

"मी."

"मग नेऊ नको का?"

"ती तेव्हाही बरोबरच होती," बाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांनी, आणि कोणाला? गाडीवाल्याला!

त्याने डोके खाजवले. "बाई, आमच्या यादीत सदोष आहे, आणि बिल्ल्यावर सही तुमचीच. नको असेल तर नवा कागद करा. सदोष का लिहिलं होतं, आता का नाही, एवढं कारण लिहा आणि सही करा. आम्ही थांबतो दहा मिनिटं. घाई नाही."

बाईंनी कोरा कागद मागवला. पेन काढले. वर तारीख घातली. त्याखाली लिहिले, 'कारण', आणि पुढे दोन टिंबे दिली. पेन तिथेच थांबले. मी पाहत होते. आता भ्यायचे कोणाला होते? सर तर विभागाच्या दारावर तसबिरीत लटकले होते. पण त्या दोन टिंबांपुढे जे लिहायचे होते त्यात त्यांची पदवी होती, त्यांची खुर्ची होती आणि तीस वर्षे मुलांना शिकवलेला 'नेहमीच' हा शब्द होता. गळ्याची तीच शीर उडताना मी पाहिली.

दहा मिनिटे झाली. गाडीवाला उठून उभा राहिला.

बाईंनी कागदाची चौघडी केली आणि पर्समध्ये ठेवली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."

वायर काढली तेव्हा पडद्यावरची रेघ आकसत आकसत एका ठिपक्यावर आली. मग तोही गेला.

मित्रांनो, सध्या मी भंगाराच्या गोदामात तराजूजवळ बसले आहे. उद्या-परवा माझ्या तारा तांब्यासाठी ओरबाडल्या जातील. जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा, तेल घालत जा, असे तुम्हाला गोड शब्दांत सांगावे अशी रीत आहे. मी ते सांगणार नाही. माझी धूळ नंतर कोणीही पुसली असती. बोट बटणावर होते तेव्हा ते दाबले गेले नाही. त्या घटकेला फक्त ती मुलगी तिथे होती.

तुमच्यापुढे अशी घटका येईल. छाती धडधडेल, हात गार पडतील, तोंडातून शब्द फुटणार नाही. नाही फुटला तरी चालेल. बटण तेवढे दाबा.

खुंटीला बिल्ला अजून आहे. अक्षर फार सुंदर आहे.